तीन चांदण्या

पहिल्या वर्षाच्या प्रयोगवह्या तपासायला
शनिवारच बरा.
लॅब रिकामी, सर्व्हरची तेवढी घरघर,
खालच्या टपरीवर बटाटे तळल्याचा वास
आणि लिकोनीच्या फेरीबोटीचा भोंगा,
दर वीस मिनिटांनी. म्हणजे आपला अंदाजे.

म्वानासितीच्या वहीत पानोपानी रंग.
पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा...
आठ तारांचा क्रम तिने
मावशीच्या लेसोचे काठ ओळखावेत तसा पाठ केलाय.
तार मात्र कापते आखूड
आणि मग चिमट्याला बोल लावते.
दहापैकी सात.

थोयाची वही पातळ.
तकाउंगूचा मुलगा, मागचं बाक, खिडकीपाशी.
प्रश्न तिसरा: ट्रेसराऊट म्हणजे काय? गुण चार.
त्याने लिहिलंय:

मरायलाच निरोप्या धाडायचा.
पहिल्याला आयुष्य एका उंबऱ्याचं.
तो पहिल्या दारात पडतो,
आणि ते दार उलट कळवतं,
तुमचा माणूस माझ्याकडे गेला.
दुसऱ्याला दोन उंबरे. तिसऱ्याला तीन.
या बातम्या ओळीने लावल्या
की वाट दिसते.

पुस्तकात असं नाही.
पुस्तकात चौकटी आहेत आणि बाण.
मी पेन उघडं ठेवून चूक शोधली.
राऊटर आकडा एकाने घटवतो, बरोबर.
शून्य झालं की पॅकेट टाकून देतो, बरोबर.
टाकतो, पण पाठवणाऱ्याला कळवून.
हेही बरोबर.

खाली त्याने पडद्यावरचं उत्तर हाताने उतरवलंय.
पहिली ओळ आमच्याच कॉलेजची.
दुसरी शहरातल्या कंपनीची.
तिसरी नायलीच्या बाजूची, जिथे समुद्रातून केबल वर येते
आणि पोरं तिच्यावरच्या वाळूत चेंडू खेळतात.
चौथ्या ओळीत नुसत्या तीन चांदण्या.
पाचवीत एकदम मार्सेय,
एकशे चौदा मिलिसेकंद.

चांदण्यांभोवती पेन्सिलीचं वर्तुळ:
म्वालिमू, चौथं दार मेलंय का?

जूनमध्ये त्याचा रजेचा अर्ज आला होता.
मोठा भाऊ कुसी वाऱ्यात गेला.
होडी अजून आली नाही.
'अजून'खाली रेघ.
मी शिक्का मारला, तारीख घातली,
आणि तो परतला त्या दिवशी विचारलं,
बुडालेली चाचणी कधी देणार?
बुडालेली. हाच शब्द.
तो म्हणाला, मंगळवारी.

आता लाल पेनाने मी लिहिलं:
नाही. चौथं दार जिवंत आहे.
पाचव्याचं उत्तर बहुधा त्याच्यातूनच आलं.
काही दारं वाट देतात, पोच देत नाहीत.
उत्तर नाही म्हणजे कुणी नाही,
असं धरू नये.

आणि हात थांबला.
हे मी कुणाला सांगतेय, कशाबद्दल?
पंधरा वर्षं हेच शिकवतेय,
शेवटचं वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहितेय,
आणि आज ते वहीत असं पडलंय
जसा कुणी अंधारात किनाऱ्यावर कंदील धरावा,
उगाच, आपल्या समाधानासाठी.
खोडावं तर खाडाखोड दिसेल.
पोरं खोडलेलंच आधी वाचतात.
ठेवलं.
तांत्रिकदृष्ट्या त्यात चूक नाही.

चारपैकी चार.
मागे एकदा पाहिलं तर
त्याच्या भावाचं नाव मला ठाऊक नाही.
चार महिने झाले.
सोमवारी विचारायचं, असं हाताच्या तळव्यावर लिहिलं,
बॉलपेनने, लहान मुलीसारखं.

भोंगा वाजला.
पुढची वही ओडेरोची.
यानेही यंत्राला शेजाऱ्याचाच आयपी दिलाय,
आकडा न् आकडा उतरवून,
आणि खाली लिहिलंय, नेटवर्क चालत नाही, कारण अज्ञात.
अरे बाबा,
एका पत्त्यावर दोन घरं कशी राहतील.